दमणी, हाऊसबोट आणि न झालेली शर्यत

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली मुलं ‘होडी’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात शिकतात आणि त्याचा कधीच उपयोग न करता म्हातारी होतात. पैनगंगा आमच्या बुलढाणा शहराजवळच उगम पावते, पण ती नदी म्हणून मोठी होते ती आमचा जिल्हा सोडल्यावर. माहेरी अंगणात दिसलेली पोर सासरी जाऊन कर्तीसवरती व्हावी तशी. घाटाखाली पूर्णा आहे, नळगंगा आहे. पावसाळ्यात दोन दिवस त्या गावांचा रस्ता अडवतात आणि चैत्रात त्यांच्या पात्रातून ट्रॅक्टर जातात. जिल्ह्यातलं जगप्रसिद्ध पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. तेही खारट. अशा मुलखातल्या माणसाला त्याच्या मुलाने फोन करून सांगितलं, ‘‘बाबा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. ऑगस्टमध्ये बोटीत राहायचं आणि बोटींची शर्यत बघायची, असं पॅकेज घेतलंय,’’ तर त्या माणसाने काय बोलावं? मी विचारलं, ‘‘किती पडले?’’ बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच सुचतो. आकडा ऐकला आणि गप्प बसलो. माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा पगार त्यात बसला असता.

पॅकेज असं होतं : केरळात अलप्पुळा, म्हणजे आपलं जुनं आलेप्पी, इथे दोन रात्री ‘लक्झरी’ हाऊसबोटीत मुक्काम, तिन्ही त्रिकाळ जेवण बोटीवरच, आणि १० ऑगस्ट २०२४ या दिवशी पुन्नमडा सरोवरावर नेहरू ट्रॉफीची सर्पनौकांची शर्यत. गॅलरीची तिकिटं पॅकेजमध्येच. मुक्काम, प्रवास आणि खेळ यांची अशी मोट बांधायची पद्धत युरोपात चांगली रुळली आहे. नदीतल्या किंवा कालव्यातल्या बार्जवर आठवडाभर राहायचं, संथ गतीने द्राक्षमळे आणि किल्ले बघायचे, आणि मधल्या एका दिवशी बोट जवळच्या शहरात लावून मोठा सामना किंवा घोड्यांची शर्यत पाहून रात्रीच्या जेवणाला परत बोटीवर यायचं. आपल्याकडे २०२३च्या जानेवारीत वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली. एक्कावन्न दिवस, सुमारे बत्तीसशे किलोमीटर, बांगलादेशातून वळसा घालून थेट दिब्रुगढ. पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे बत्तीस प्रवासी होते. त्या बोटीचे फोटो आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइलवर फिरले, तेव्हा एकाने विचारलं होतं, ‘‘एवढे दिवस बोटीत बसून हे लोक करतात काय?’’ त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं.

या चैनीच्या बोटींचा इतिहास मात्र चैनीचा नाही, हे मला वाचताना कळलं आणि तिथे माझं कुतूहल जागं झालं. फ्रान्समध्ये १८७९ साली कायदा करून कालव्यांवरच्या लॉकची, म्हणजे बोटीला पायरी-पायरीने वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांची, मापं ठरवून दिली गेली. त्या दरवाजांतून जेमतेम मावेल अशी साडेअडतीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद बार्ज ही मग तिथली मालगाडीच झाली. कोळसा, धान्य, वाळू वाहायची. आणि चालवणाऱ्याचं कुटुंब मागच्या खोपटात संसार करायचं. पोरं बोटीवरच जन्मायची, तिथेच मोठी व्हायची. रेल्वे आणि ट्रकने माल पळवला तेव्हा या बार्ज भंगारात निघाल्या. त्यातल्या काहींच्या पोटात कोळशाऐवजी पलंग आणि स्नानगृहं बसली, आणि त्या तरंगती हॉटेलं झाल्या.

केरळची गोष्टही अगदी हीच. ज्या बोटीत आम्ही राहणार होतो ती मुळात केट्टुवळ्ळम. केट्टु म्हणजे बांधलेली आणि वळ्ळम म्हणजे नाव. फणसाच्या जातीच्या आंजिली झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, खिळा एकही ठोकायचा नाही, आणि वरून काजूच्या टरफलांचं उकळलेलं काळं तेल द्यायचं. कुट्टनाडचा भात आणि मसाले घेऊन ही नाव कोचीला जायची. तीसेक टन माल सहज न्यायची. दोन-तीन माणसं लांब बांबू पाण्याच्या तळाला टेकवून तिला ढकलायची. रस्ते आले, पूल आले, ट्रक आले आणि नावा काठाला कुजू लागल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कुणाच्या तरी डोक्यात आलं की भाताच्या जागी माणसं ठेवू. तिथून हाऊसबोटीचा धंदा वाढला. म्हणजे ज्याला आपण लक्झरी म्हणतो ते एका मेलेल्या धंद्याचं दुसरं लग्न आहे.

हे वाचत होतो तेव्हा मला सारखी आठवत होती ती आमची दमणी.

दमणी म्हणजे काय, हे आता वऱ्हाडातल्या मुलांनाही सांगावं लागतं. खत-कडबा वाहायची ती बैलगाडी वेगळी. दमणी ही माणसांची. हलकी, छोटी, वर छत, आत गादी आणि लोड. ज्याच्या दारात दमणी तो त्या काळचा गाडीवाला. आमच्या वडिलांकडे एक होती. शेती फार नव्हती, पण हौस होती. माघात रान मोकळं झालं की पैनगंगेच्या काठच्या एका गावी शंकरपट भरायचा. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगितलं. आमच्या गावापासून ते गाव दहा-बारा कोसांवर. पहाटे दमणी जुंपायची. बैलांच्या पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. आत आई, आत्या आणि आम्ही पोरं; पुढे आमचा धुरकरी; आणि वडील शेजारी पायी, कारण बैलांवर ओझं नको. वाटेत एखाद्या विहिरीवर बैल सोडायचे, शिदोरी सोडायची. ज्वारीची भाकरी, ठेचा, तिळाची चटणी. संध्याकाळी पटाच्या गावाबाहेर आंब्याखाली दमण्यांची रांग लागायची. तिथेच चूल, तिथेच निजणं. दोन रात्रींचा मुक्काम आणि मधल्या दिवशी शर्यत.

आता सांगा, पॅकेज यापेक्षा वेगळं काय असतं? आरामशीर वाहन, संथ प्रवास, वाहनातच मुक्काम, तयार जेवण आणि एक मोठा खेळ. फरक एकच होता, आणि तो तेव्हा कळायचं वय नव्हतं. आमच्या दमणीचे बैल आणि पटात पळणारे बैल एकाच गोठ्यातले होते. वडिलांची जोडी दमणी ओढून पटावर जायची, एक रात्र विसावा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पळायची. आम्ही प्रेक्षक होतो, पण पाहुणे नव्हतो. जोडी हरली तर घरी जेवण जात नसे.

ही जोडी १९७२च्या दुष्काळात गेली. चारा नव्हता. वडिलांनी ती बाजारात नेली, त्या दिवशी मी शाळेत होतो, हे माझं नशीब. दमणी मात्र राहिली. बैलांवाचून दमणी म्हणजे चाकं असलेला पलंग. गोठ्यात उभी राहिली, पुढे तीवर गोवऱ्या रचल्या गेल्या.

शंकरपटाविषयी भाबडेपणाने लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तुतारीच्या टोकाला आर असायची आणि ती कुठे टोचायची हे आम्ही पोरांनी पाहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही बंद केल्या, तेव्हा गावात शोककळा पसरली, पण मला त्या निकालात खोटं काही दिसलं नाही. पुढे राज्याने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ला शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने तो कायदा मान्य केला. पट पुन्हा भरू लागले. वल्हं मारणारा माणूस स्वतःच्या मर्जीने वल्हं मारतो. बैलाला मात्र कुणी विचारलेलं नसतं. केरळच्या शर्यतीला जायला माझं मन चटकन तयार झालं, ते यामुळेही.

तर बेत ठरला. आम्ही दोघं मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला, आणि तिथून नेत्रावतीने थेट अलप्पुळाला. मुलगा, सूनबाई आणि नातू पुण्याहून विमानाने कोचीला. २६ जुलैच्या रात्री घरातले सगळे फोनवर एकमेकांशी बोलत टीव्हीसमोर बसलो होतो. पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन सीन नदीवर. पंच्याऐंशी बोटींतून जगभरचे खेळाडू सहा किलोमीटर नदीतून पुढे सरकत होते आणि धो धो पाऊस पडत होता. नातू म्हणाला, ‘‘आबा, आपणपण असंच जाणार ना?’’ मी म्हटलं, ‘‘आपण बघायला जाणार. बोटीतून खेळाडू जातात ते वेगळे.’’

चौथ्या दिवशी, ३० जुलैच्या पहाटे, वायनाडमध्ये डोंगर खाली आला. मुंडक्कई, चूरलमला ही नावं आपण तोपर्यंत ऐकली नव्हती. अडीचशेहून अधिक माणसं गेली, अनेकांचा पत्ताच लागला नाही. केरळने शर्यत पुढे ढकलली. ते योग्यच होतं. मुलाने एजंटला फोन केला. एजंट म्हणाला, बोटीचं बुकिंग रद्द होणार नाही. शर्यतीची तिकिटं नव्या तारखेला चालतील. नवी तारीख अजून ठरलेली नाही. आणि १० तारखेला संध्याकाळी शर्यतीऐवजी तुम्हाला कथकली दाखवू. लग्नात नवरदेव आला नाही म्हणून बँडवाल्यांनी दोन गाणी जास्त वाजवावीत, तसा हा प्रकार. ही म्हणाली, ‘‘पैसे तर गेलेतच. जाऊन तरी येऊ.’’ असे आम्ही न होणाऱ्या शर्यतीला निघालो.

पावसाळ्यात कोकण रेल्वे सावकाश चालते, त्याचं वेगळं वेळापत्रकच असतं. ते मला आवडलं. अलप्पुळाच्या धक्क्यावर बोटींची रांग बघून मात्र मी थक्क झालो. आमच्या आठवडी बाजाराला बैलगाड्या लागत तशा त्या लागलेल्या. आमची नाव दोन खोल्यांची. वर गच्ची, वेताच्या खुर्च्या, खोल्यांत एसी. पण तो फक्त रात्री चालणार. माणसं तीन : एक सुकाणूवर, एक इंजिनावर आणि एक स्वयंपाकी. स्वयंपाक्याने आम्हाला बघून हात जोडले आणि म्हणाला, ‘‘नमस्कार. जेवण तिखट पाहिजे?’’ तरुणपणी सात-आठ वर्षं चेंबूरला खाणावळीत होता. त्याचं मराठी पन्नास शब्दांचं, हिंदी मोडकं. पण आमचं त्याच्याशी जमलं. ओळख पटावी एवढं मी इथे लिहिणार नाही, कारण त्याने जे सांगितलं ते पेपरात येईल असं समजून सांगितलेलं नव्हतं.

कुट्टनाड बघताना वऱ्हाडी माणसाचं डोकं फिरतं. नदी वर आणि शेत खाली. समुद्रसपाटीपेक्षाही खाली, काही ठिकाणी दोन-तीन मीटर. मध्ये मातीचे बांध. आम्ही आयुष्यभर विहिरीतलं पाणी मोटारीने शेतात टाकण्यासाठी कर्ज वाटली. इथे पंप लावून शेतातलं पाणी नदीत फेकतात, आणि मग पेरतात. त्या बांधांवरून शाळेची मुलं, सायकली, कोंबड्या, घरं, सगळं आमच्या खिडकीसमोरून जात होतं. एका घरापुढे बाई भांडी घासत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलंही नाही. दिवसाला अशा किती बोटी तिच्या दारावरून जात असतील! आमच्या इंजिनाचा धूर आणि डिझेलचा तवंग तिच्याच पाण्यात. मी गच्चीवरून खाली उतरलो.

संध्याकाळी साडेपाचला नाव काठाला बांधली. रात्री कोळ्यांची जाळी असतात, तेव्हा हाऊसबोटींनी फिरायचं नाही, असा नियम आहे. बरा नियम आहे. त्याआधी पुन्नमडाला सुकाणूवाल्याने नाव हळू केली आणि बोट दाखवलं. अर्धवट बांधलेल्या गॅलऱ्या, बांबू, ताडपत्र्या. पाणी स्वच्छ, मोकळं. इथे शर्यत होणार होती. नातवाने विचारलं, ‘‘कुठून कुठपर्यंत?’’ पट्टा सुमारे सव्वा किलोमीटरचा. साडेचार मिनिटांच्या आत नाव तो कापते. नाव म्हणजे चुंडन वळ्ळम, शंभर फुटांहून लांब, शंभरच्या वर माणसं, आणि मागचा भाग नागाने फणा काढावा तसा वीसेक फूट उंच.

या शर्यतीचा जन्म सांगण्यासारखा आहे. १९५२च्या डिसेंबरात पंडित नेहरू कोट्टयमहून अलप्पुळाला पाण्याच्या वाटेने आले. त्यांच्या स्वागताला सर्पनौकांची शर्यत ठेवली होती. नडुभागम गावची नाव पहिली आली, आणि नेहरू सुरक्षेची पर्वा न करता सरळ त्या नावेत उतरले. पुढे त्यांनी दिल्लीहून चांदीची छोटी सर्पनौका बक्षीस म्हणून पाठवली, त्यावर त्यांची सही. तिथल्या लोकांच्या सामूहिक जीवनाचं हे वैशिष्ट्य आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांनी तीवर कोरून घेतला होता. ‘सामूहिक जीवन’ हा शब्द मला दुसऱ्या दिवशी आठवला.

रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकी भांडी आवरून गच्चीवर आला. नातवाने त्याला विचारलं, ‘‘अंकल, तुम्ही रेसमध्ये बसलात कधी?’’ तो हसला आणि त्याने तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी जुने घट्टे. वीस वर्षं त्याने गावच्या नावेत वल्हं मारलं होतं. आता त्याचा पुतण्या मारतो. मग त्याने हलक्या आवाजात वल्ह्याचं गाणं म्हटलं. वंचिपाट्टु म्हणतात त्याला. अर्थ विचारला तर म्हणाला, ‘‘कुचेला. कृष्णाचा गरीब दोस्त.’’ म्हणजे आपला सुदामा! अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर नावाच्या कवीने सुदाम्याची कथा वल्ह्याच्या ठेक्यात बांधली, आणि शंभर माणसं पाणी कापताना ती कथा म्हणतात. ही पदर डोक्यावर घेऊन ऐकत बसली होती.

मग त्याने आपणहून विषय काढला. शर्यतीच्या आधी काही आठवडे गावचा बोट क्लब शिबिर भरवतो. माणसं कामं सोडून येतात. मासेमारीवाले, सुतार, रंगारी, रिक्षावाले. रोज सराव, रोज तीन वेळचं जेवण, आणि ज्याची मजुरी बुडते त्याला काहीतरी. पैसे वर्गणीचे, देणगीदारांचे, आणि उरलेले उसनवारीचे. यंदाचं शिबिर संपत आलं आणि शर्यत गेली. ‘‘तिकडे माणसं मेली साहेब. इकडे आनंद कसा करणार? थांबलो ते बरोबर. पण पुन्हा कधी, ते कुणी बोलत नाही.’’ तोपर्यंत तारीख जाहीर झालेली नव्हती. शर्यत या वर्षी होणारच नाही, अशीही कुजबुज होती. झाली तर शिबिर पुन्हा पहिल्यापासून.

सकाळी त्याच्या गावी गेलो. पॅकेजमध्ये ते नव्हतं. सुकाणूवाल्याने नाव अर्धा तास थांबवायला कबुली दिली. नाव एका लांबलचक छपराखाली ठेवलेली होती. चपला बाहेर काढायला सांगितलं, देवळात सांगतात तसं. काळीभोर, चकचकीत. माशाचं तेल, करवंटीची राख आणि अंडी यांचा लेप तिला देतात, म्हणजे पाणी अंगाला चिकटत नाही. पितळी फुल्या. आत ओळीने बसायच्या फळ्या. सरावात घासून गुळगुळीत झालेल्या. छपराच्या कोपऱ्यात मोठाली पातेली उपडी घातलेली होती आणि भिंतीला वल्ही टेकवलेली. पातेली बघितल्यावर माझ्यातला बँकवाला जागा झाला. जेवण आणि बुडालेली मजुरी मिळून माणशी दिवसाला हजार रुपये धरा. शंभर माणसं. दिवसाचा लाख झाला. आता किती दिवस, तुम्हीच गुणा. आणि बक्षिसाची रक्कम एकाच नावेला पहिली मिळते.

ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली आम्ही बैलजोडीला कर्ज द्यायचो. जनावराचा विमा असायचा, कानात नंबरचा बिल्ला ठोकलेला असायचा. बैल मेला तर शेतकऱ्याने तो बिल्ला आणून दाखवायचा, मग दावा मंजूर. एकदा एक म्हातारा कान कापून, फडक्यात गुंडाळून घेऊन आला होता. माझ्या टेबलावर त्याने ते फडकं ठेवलं आणि बराच वेळ त्यावरचा हात उचलला नाही. त्या माणसाचा बैल गेला होता आणि मी नंबर जुळवत होतो. त्या छपराखाली उभा असताना मला ते आठवलं. या लोकांकडे तर दाखवायला बिल्लाही नव्हता. न झालेल्या शर्यतीचा विमा कोण उतरवतो? आमचं नुकसान एका सुट्टीचं. तेही पुरतं नाही, कारण जेवण आणि एसी दोन्ही मिळालं होतं. त्यांचं वर्ष गेलं होतं.

मुलगा बाहेर उभा राहून फोनवर एजंटशी भांडत होता, कथकलीही रद्द झालं म्हणून. मी त्याला फोन बंद करायला सांगितला. क्लबच्या पेटीत आम्ही काही रक्कम टाकली. किती, ते सांगायचं कारण नाही. स्वयंपाक्याला ते आवडलं की अवघडल्यासारखं झालं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्याने आम्हाला नारळ दिले.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. गावांनी, क्लबांनी आग्रह धरला आणि शेवटी २८ सप्टेंबरला शर्यत झाली. मी ती बुलढाण्यात, घराच्या ओट्यावर, मोबाइलवर बघितली. शेवटच्या फेरीत कारिच्चाल आणि वीयपुरम या दोन नावा अशा आल्या की डोळ्यांना फरक दिसेना. यंत्राने सांगितलं, कारिच्चाल पाच मिलिसेकंदांनी पुढे. सेकंदाचा दोनशेवा भाग. त्यावर पुढे तक्रारीही झाल्या. आमच्या स्वयंपाक्याच्या गावची नाव शेवटच्या फेरीत नव्हती. संध्याकाळी फोन केला तर तो बोटीवर होता. पाहुण्यांची गर्दी होती, बोलायला वेळ नव्हता. २०२५ साली शर्यत नेहमीच्या दुसऱ्या शनिवारी न होता ३० ऑगस्टला झाली.

केरळने २०१९पासून या शर्यतींची क्रिकेटच्या धर्तीवर लीग केली. पहिल्या वर्षी नऊ संघ, बारा शर्यती. पैसा येतो, क्लब जगतात, हे खरं आहे आणि त्याला नाक मुरडायचा मला हक्क नाही. हाऊसबोटींनी शिवलेली नाव बांधणारे सुतार वाचवले, हेही खरं. आपल्याकडे सांगलीत कृष्णेवर पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात. लोक आयर्विन पुलावर आणि घाटावर दाटीवाटीने उभे राहून बघतात. आणि पाण्याचा मक्ता काही पाणी असलेल्या जिल्ह्यांकडेच आहे असंही नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आमच्यासारख्याच कोरड्या मुलखातला, विहिरी खोदणाऱ्याच्या घरातला. सैन्यात गेला, तिथे वल्हं हातात घेतलं, आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या रोइंगमध्ये तेरावा आला. त्याच्या गावात होडीतून काय बघायला जाणार होते?

आमच्या दमणीचं राहिलं. पाच-सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने गोठा पाडला तेव्हा ती हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला विकली. मला नंतर कळलं. मी काही बोललो नाही. गोवऱ्या रचायला दमणी ठेवा, असं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? केरळातून परत आल्यावर दिवाळीत मुलगा गावाकडे आला, तेव्हा जाताना त्या हॉटेलात थांबलो. हिरवळीवर दमणी उभी होती. चाकांना लाल-पिवळा रंग, छताला झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा, आणि पुढे फायबरचे दोन पांढरे बैल. आतली गादी नवी होती. साटीच्या डाव्या बाजूला मी लहानपणी खिळ्याने कोरलेलं अक्षर रंगाखाली बोटाला लागलं. आत चढून बसलो. नातू शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, ‘‘आबा, ही आपली होती?’’

तेवढ्यात पोऱ्या आला. ‘‘काका, फोटो काढायचा असन तर काढून घ्या लवकर,’’ तो म्हणाला, ‘‘मांगं लोक उभे हायेत.’’